उंबऱ्यावरच्या बारा बांगड्या

मी मत्सरी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदार वगैरे म्हणायला नको. आणि मत्सर तरी कुणाचा, तर जिला मी कधी पाहिलं नाही, जिच्याशी एक शब्द बोलले नाही, जी मी या घरात यायच्या तीन वर्षं आधीच गेली, तिचा. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा.

माझं लग्न अडतिसाव्या वर्षी झालं. माजिवड्याला माहेरी सगळ्यांनी माझी आशा सोडलेली, तेव्हा हे स्थळ आलं. कल्याणच्या शाळेत इतिहास शिकवणारे, विधुर, मूलबाळ नाही, ठाकुर्लीला स्वतःचा फ्लॅट. बहीण म्हणाली, तयार घर मिळतंय तुला. तयारच होतं ते. इतकं तयार, की जिथे हात घालावा तिथे ती आधी येऊन गेलेली. मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठे आणि जिरं कुठे हे तिने ठरवलेलं. गॅलरीतला कढीपत्ता तिने लावलेला. दूधवाला दोन वर्षं मला ‘नवीन वहिनी’ म्हणत होता. हॉलमध्ये तिचा फोटो, त्याला चंदनाचा हार, आणि फोटोत ती हसतेय. तो फोटो मी दर शनिवारी पुसते. जरा जोरातच पुसते.

लग्नानंतरच्या पहिल्याच पितृपंधरवड्यात नणंदबाई आल्या आणि म्हणाल्या, “ती सवाष्ण गेली ना, मग तिची अविधवा नवमी करायला हवी. एक सवाष्ण जेवायला बोलवायची, तिला खणा-बांगड्यांनी ओटी भरायची. तूच वाढायचंस. पहिलीला दुसरीच्या हातचं लागतं.” मी म्हटलं, “मी तर तिला ओळखतसुद्धा नाही.” हे पेपर वाचत होते. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “राहू दे.” विषय संपला. आपण जिंकलो असं मला वाटलं. त्याला आता दहा वर्षं झाली.

तर गोष्ट गेल्या वर्षीची. यांचा एक मित्र विठ्ठलवाडीला छापखाना चालवतो आणि हौसेने दिवाळी अंक काढतो. गेल्या वर्षी यांनी जाहीर केलं, की अंकात तिची वही छापायची.

वही म्हणजे काय, ते सांगते. ती वाचनालयात कामाला होती आणि कल्याणातल्या जुन्या वास्तूंची माहिती जमवायचा तिला नाद होता. रविवारी ही दोघं म्हणे हिंडत असायची. माझ्याबरोबर हे रविवारी भाजी आणायला येतात. तपकिरी कव्हर घातलेली ती दोनशे पानी वही यांच्या कपाटात सगळ्यात वर असायची. यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “अगं, तू वाच ना एकदा. शुद्धलेखन बघ.” म्हणजे बघा, सवतीचं शुद्धलेखन मी तपासायचं. आणि एक चूक सापडेल तर शपथ.

वही जवळजवळ सगळी एका धर्मशाळेवर होती. कल्याणात खाडीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत ती आहे. घाटावरून माल घेऊन बंदरावर येणाऱ्या मुशाफरांसाठी कुणा व्यापाऱ्याने बांधलेली. आता एक ट्रस्ट चालवतो. पेशंटचे नातेवाईक, फिरते विक्रेते असे लोक उतरतात. मागची एक खोली मात्र कुणालाच देत नाहीत. तिला आतून कडी नाही, बाहेरून आहे.

तिने लिहिलेलं ते असं. पटकीच्या साथीत एक आजारी मुशाफर आला. राखणदाराच्या बायकोने त्याला पाणी पाजलं आणि तिलाही लागण झाली. राखणदाराने दोघांना मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. तिसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा दोघंही गेलेले. कुणी म्हणतं, साथीला भ्याला. कुणी म्हणतं, त्याने दुसरी बघून ठेवलेली. तीन महिन्यांत दुसरी आणली, एवढं खरं. तेव्हापासून त्या खोलीत बांगड्या वाजतात, आतून कुणीतरी ‘कडी काढा’ म्हणतं. आणि दरवर्षी भाद्रपदात, पितृपंधरवड्यातल्या नवमीच्या संध्याकाळी, त्या खोलीच्या उंबऱ्यावर सहा हिरव्या बांगड्या दिसतात. दुसऱ्या दिवशी त्या नसतात. शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं: ‘बांगड्या कोण ठेवतं ते कळलं, की लिहीन.’ पुढची पानं कोरी.

राखणदाराच्या दुसऱ्या बायकोबद्दल अख्ख्या वहीत एक ओळ. दुसऱ्या बायकांबद्दल एवढंच लिहितात.

ती कोरी पानं बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे एक गोष्ट तिला जमली नव्हती. या घरात एक तरी गोष्ट अशी असावी, जी तिच्या आधी मी केली, एवढीच माझी दहा वर्षांची इच्छा होती. आणि ती आता समोर चालून आलेली. बांगड्या कोण ठेवतं ते मी शोधणार, लेख मी लिहिणार, आणि अंकात तिच्या नावाखाली माझं नाव येणार. खालीच का, वरसुद्धा येईल. यांना मी काही बोलले नाही.

गणपती गेल्यावर एका दुपारी मी ती वही पिशवीत टाकून रिक्षाने धर्मशाळेत गेले. दारात एक बाई सुपात तांदूळ निवडत बसलेली. पन्नाशीची, ठसठशीत कुंकू, नाकात मोठी चमकी. हिचा नवरा तिथला आताचा राखणदार. त्याच जुन्या राखणदाराच्या घराण्यातला, पण सकाळ-संध्याकाळ होडीवर, त्यामुळे सगळा कारभार हिच्याच हातात. मी म्हटलं, एका अंकातून आलेय, मागच्या खोलीची माहिती हवी. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं, आणि म्हणाली, “भूत-बीत काय नाय गो. मागं सगळा भंगार हाय.” आणि परत तांदूळ निवडायला लागली.

पण चौकातल्या नळावर एक मोजेविक्या कपडे धूत होता. साताऱ्याकडचा. गेली कैक वर्षं तिथेच खोली धरून राहिलेला. त्याला फक्त कुणीतरी विचारायची खोटी. म्हणाला, “ताई, आवाज वगैरे मी नाही ऐकला. पण बांगड्या मी मोजल्यात. बारा असतात.”

“सहा,” मी म्हटलं. वहीत सहा होत्या.

“आधी सहाच होत्या हो. मध्ये काही वर्षं तर दिसल्याच नाहीत. मग परत सहा यायला लागल्या. आता नऊ-दहा वर्षं झाली, बारा असतात. लोक म्हणतात, बाईने जोडीदारीण आणली.”

मला तिथेच त्याचे सगळे मोजे विकत घ्यावेसे वाटले. बारा! हे तिला माहीतच नव्हतं, माहीत असायची शक्यताच नव्हती, ती तर तेरा वर्षांपूर्वीच गेली. दुसरी बाई कोण, हे कोडं सर्वस्वी माझं होतं. त्या रात्री मी यांना पुरणपोळी करून घातली. “आज काय विशेष?” म्हणाले. मी म्हटलं, सहज.

नवमीला सकाळी मी यांना सांगितलं, की माजिवड्याला बहिणीकडे जातेय, संध्याकाळी येईन. हे म्हणाले, बरं झालं, मलाही विठ्ठलवाडीला छापखान्यात जायचंय. या दिवसांत यांचं दरवर्षी एकदा विठ्ठलवाडीला काम निघतंच. मी त्याचा कधी विचार केला नव्हता. खोटं मीच बोलत होते, तेव्हा मी यांच्या तोंडाकडे कशाला बघतेय?

अकराच्या सुमाराला मी धर्मशाळेच्या मागच्या बाजूने शिरले. मोजेविक्याने वाट दाखवून ठेवलेली. कडी काढली. आत भंगार नव्हतंच. स्वच्छ झाडलेली, शेणाने सारवलेली खोली, एक लहान खिडकी, आणि मधोमध एक पाट. मी खिडकीजवळ भिंतीला टेकून बसले. तासभर काही नाही. खाडीकडून वारा येत होता आणि मला भूक लागलेली. मनातल्या मनात मी लेखाचं पहिलं वाक्य जुळवत होते.

मग दार उघडलं. एका हातात केळीच्या पानावर वाढलेलं जेवण, दुसऱ्या हातात हिरव्या बांगड्या, अशी ती राखणदारीण. मला बघून ती दचकलीसुद्धा नाही.

“आलीस?” म्हणाली. “मना वाटलाच तू येशील.”

मी चोरी पकडली गेल्यासारखी उभी राहिले. तिने पान पाटासमोर ठेवलं. रांगोळी नाही, श्राद्धाचं पान. वडे, खीर, अळूची भाजी, भोपळा. मग खाली बसून तिने मला सगळं सांगितलं, आणि कसं, तर शेजारणीला कुणाच्या बारशाची हकीकत सांगावी तसं.

बांगड्या त्यांच्याच घरच्या. त्या कोंडून मारलेल्या पहिलीची नवमी त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. “पहिलीला पोर नव्हता. आम्ही सगली दुसरीची,” ती म्हणाली. “आणि हा दुसरीनंच चालू केला. नवऱ्यानं नाय. तो म्हनायचा, तिचा नाव काढू नको. हिनं त्याच्यासमोर कडी काढली, खोली सारवली, पान वाढला.”

मी इतिहासवाल्याची बायको, मला राहवतंय थोडंच. मी म्हटलं, “पण नवरा गेला की अविधवा नवमी बंद करतात ना?”

“नवऱ्यानं चालू केली असती तं बंद झाली असती,” ती म्हणाली.

अडचण एवढीच, की त्या खोलीत सवाष्ण म्हणून जेवायला कुणी बसत नाही. गल्लीतल्या बायका घाबरतात. मग पान नुसतं दाखवून बांगड्या उंबऱ्यावर ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी खाडीत सोडायच्या. बस, एवढंच ते भूत.

“मध्ये एक बाई बसायची,” ती म्हणाली. “सात वर्षं बसली. बांगड्या मी तिच्याच हातात भरायची, उंबऱ्यावर नाय ठेवायची. वाचनालयातली. बिनधास्त. माझी खीर तिला फार आवडायची. पहिल्या साली मना विचारलान, हे मी वहीत लिहू का? मी म्हटला, लिहिलास तं लोक बघाया येतील, आमच्या बायचा तमाशा होईल. म्हनाली, मग नाय लिहीत. तिचीच ना ती वही, तुझ्या पिशवीतली?”

मी त्या पाटाकडे बघत राहिले. म्हणजे तिला कळलं होतं. कळलं होतं आणि तिने लिहिलं नव्हतं, म्हणून पानं कोरी. मी ज्याला तिची हार समजून महिनाभर हरखले होते, तो तिचा मोठेपणा निघाला. या पाटावरसुद्धा ती माझ्या आधी बसून गेलेली, तेही सात वर्षं. क्षणभर त्या कोंडलेल्या बाईपेक्षा मलाच कुणीतरी बाहेरून कडी लावलीय असं वाटलं. सरळ उठून घरी जावं आणि तो चंदनाचा हार खिडकीतून फेकून द्यावा, असंही वाटलं.

पण अजून सहा बांगड्यांचा हिशेब लागत नव्हता. “आणि दुसऱ्या सहा?” मी विचारलं.

तिने खिडकीकडे नुसती मान वळवली.

खिडकीतून बाहेरची पायरी दिसत होती. पायरीवर आमचे हे बसलेले. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, मांडीवर कागदाची पुडी. विठ्ठलवाडीला निघालेला माणूस.

“दहा वर्षं येतायत,” ती हळू म्हणाली. “आत नाय येत. बांगड्या देतात, थोडा वेळ बसतात, जातात. म्हनतात, घरी करता येत नाय. मी म्हटला मास्तर, बांगड्या ठेवीन, पन पान नाय वाढनार. त्याला घरचीच बाय पाहिजे.”

मी बाहेर गेले. यांनी मान वर केली आणि मला बघून उठायचंसुद्धा विसरले.

“अगं, तू माजिवड्याला जाणार होतीस ना?”

“आणि तुम्ही विठ्ठलवाडीला.”

मी त्यांच्या हातातून पुडी घेतली. हिरव्या काचेच्या सहा बांगड्या. पुडीवर दुकानदाराने पेनाने माप लिहिलेलं, दोन-चार. माझं माप दोन-सहा आहे. दहा वर्षांत या माणसाने मला एक बांगडी आणली नाही, मग माप कुठून माहीत असणार? आणि तिच्या हाताचं माप तेरा वर्षांनंतरही पाठ. खूप बोलायचं होतं मला. रिक्षात पुरेल, घरी पुरेल, पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल इतकं.

“मला सांगायचं होतंत,” एवढंच निघालं.

“तू नको म्हणालीस,” हे म्हणाले.

“नको नव्हते म्हणाले. मी तिला ओळखत नाही, असं म्हणाले.”

“हो,” ते म्हणाले. “तेच.” आणि पायरीकडे बघायला लागले. यांचे केस मागून किती विरळ झालेत ते मला तेव्हा दिसलं. दरवर्षी हे असेच इथे बसत असणार, आणि मी घरी जेवणाचं ताट झाकून ठेवून, कुठे उलथलेत कुणास ठाऊक, म्हणून चिडत असणार.

मागून राखणदारीण आली. म्हणाली, “मास्तर, तुम्ही बसा हितंच. बाय, तू आत ये. आमच्या पहिलीची सवाष्ण म्हनून तू बसशील? पान निवतंय.”

मी बसले. भुकेने म्हणा, रागाने म्हणा, हट्टाने म्हणा. तिने मला कुंकू लावलं, ओटी भरली, बांगड्या भरायला घेतल्या. त्यासुद्धा दोन-चार. सात वर्षं तिच्या मापाच्या आणायच्या, तीच सवय या घरालाही लागलेली. माझ्या हातात जाईनात. शेवटी साबण लावून तिने एकेक दाबून चढवली आणि एक फुटली. मी जेवले. खीर खरंच चांगली होती. म्हणजे त्या बाबतीतही तिचंच बरोबर.

मी हात धुतले, तेव्हा राखणदारीण पाटाजवळ उभी होती. म्हणाली, “आता मी बसतंय. माझा नवरा हाय, कुंकू हाय, मना चालतंय. तुझ्या घरच्या पहिलीसाठी बसतंय. वाढ.”

मी पदराला हात पुसत राहिले.

“चुलीवर सगला हाय,” ती म्हणाली. “वाढायचाच फक्त. ती माझ्याकडे सात वर्षं जेवली गो. मी तिला आमच्या बायसाठी जेवाया घातला. पन तिच्या नावाचा मना नाय घालता येत. तिच्या घरच्यालापन नाय येत. ते एकटी तूच करशील.”

आता हे ऐकून माझ्या मनात पवित्र वगैरे काही आलं असं कुणाला वाटत असेल, तर नाही. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते खरं सांगते. ही गोष्ट तिने माझ्या आधी केलेली नाही. तिला करताच आली नसती. यांनाही आलेली नाही, दहा वर्षं पायरीवर बसून. हे काम माझ्यासाठीच थांबलेलं. दहा वर्षं मी जे शोधत होते, ते नेमकं इथे, आणि असं.

मी पदर खोचला. चुलीजवळून केळीचं दुसरं पान आणलं, पुसलं, मांडलं. मीठ, लिंबू, अळू, भोपळा, वडे, भात, वरण. खीर वाटीत. तिच्या हातात यांच्या पुडीतल्या बांगड्या भरल्या, एकही न फुटता गेल्या. दारातून मला यांची पाठ दिसत होती. ते वळून बघत नव्हते, पण जागेवरून हललेही नव्हते.

राखणदारीण जेवायला लागली. सवाष्ण जेवत असताना वाढणारीने विचारायचं असतं, पोटभर होऊ दे म्हणायचं असतं, आणि ते जेवणारीला नाही, जिच्यासाठी जेवण आहे तिला म्हणायचं असतं. एवढं तर मलाही माहीत आहे. पण हाक काय मारायची? घरात दहा वर्षं मी तिला ‘ती’ म्हणत आले. नाव मी कधी घेतलं नाही, आणि हे लिहितानाही घेणार नाही. राखणदारणीनेही सांगितलंय, लिही, पण नाव-गल्ली काही नको.

तिची खीर संपत आली. ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी खिरीचं भांडं उचललं आणि घसा खाकरला.

“ताई,” मी म्हटलं, “अजून वाढू?”

पायरीवर यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. राखणदारणीने मान हलवून वाटी पुढे केली. मी वाढली. जरा कमीच वाढली, खोटं कशाला बोलू.